चावला नाही, पण हाड मोडलं: कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी आणि विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांचा लॅब्राडोर, आजवर कुणाला ओरखडाही नाही. गेल्या रविवारी पार्सलवाल्या मुलाने बेल वाजवली, दार उघडताच कुत्रा त्याच्या अंगावर झेपावला. चावला नाही. मुलगा मागे सरकला, जिन्याच्या चार पायऱ्या खाली पडला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मालकांनी लगेच दवाखान्यात नेलं, बिल भरलं. आता मुलाचा भाऊ म्हणतो, 'दोन महिन्यांची कमाई बुडणार, ऐंशी हजार द्या, नाहीतर पोलिसांत जातो.' कुत्र्याचा विमा गेल्या वर्षी काढलेला आहे, पण एजंटचं म्हणणं, 'चावलाच नाही, तर क्लेम कसला?' वर सोसायटीची नोटीस: कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही.

मी सव्वीस वर्षं जनरल इन्शुरन्समध्ये क्लेम्स पाहिले, त्यातली शेवटची दहा जबाबदारीच्या दाव्यांवर गेली. आधी एजंटचं घेतो, कारण त्याच्या एका वाक्यामुळे तुमचे आठ दिवस फुकट गेले आहेत.

तो चुकतोय. पॉलिसीचं पुस्तक उघडा, जाहिरातीचं पत्रक नको. त्यात 'थर्ड पार्टी लायबिलिटी' असा भाग शोधा. तिथे सहसा कुत्र्यामुळे तिसऱ्या व्यक्तीला झालेली अपघाती शारीरिक इजा किंवा तिच्या मालमत्तेचं नुकसान, आणि त्यापोटी तुमच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी, अशा अर्थाचं वाक्य असतं. 'चावा' हा शब्द मी फार थोड्या पॉलिस्यांत पाहिला आहे. माझ्या टेबलावर आलेल्या अशा दाव्यांत पडण्याचे दावे बरेच होते. पट्ट्याला अडखळून पडलेल्या आजी, मोकळा सुटलेला कुत्रा आडवा आल्याने घसरलेला दुचाकीवाला, अंगावर उडी आली म्हणून गच्चीच्या जिन्यावरून गेलेला केबलवाला. दात कुठेच लागले नव्हते, हाडं मात्र मोडली होती.

पण पुस्तकाआधी शेड्यूल बघा, म्हणजे पहिल्या दोन पानांवरचा तक्ता. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांच्या विम्यात मूळ संरक्षण उपचाराचं, शस्त्रक्रियेचं, मृत्यूचं असतं. तिसऱ्या पक्षाची जबाबदारी हा बऱ्याचदा वेगळा हप्ता भरून घ्यायचा भाग असतो. नाशिकचे एक गृहस्थ माझ्याकडे लॅमिनेट केलेली पॉलिसी घेऊन आले होते, कुत्र्याच्या फोटोसकट. त्या ओळीसमोर बारीक अक्षरात 'नॉट ऑप्टेड' छापलेलं होतं. लॅमिनेट करतानाही त्यांनी ते वाचलं नव्हतं. तुमच्या शेड्यूलमध्ये तिथे रक्कम असेल तर पुढचं वाचा. नसेल तर विम्याचा भाग सोडून कायद्याचा तेवढा वाचा, तो दोन्ही बाबतीत लागू आहे.

रक्कम असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा. ईमेल करा आणि टोल-फ्रीवर फोन करून इंटिमेशन नंबर घ्या. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं, असं धरून बसू नका. आठ दिवस उशीर झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. केवळ उशिरा कळवलं एवढ्यावर खरा दावा फेटाळू नका, असं विमा नियामकाने २०११ च्या सप्टेंबरमधल्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं खरं कारण लिहा. एजंटने क्लेम होत नाही असं सांगितलं, हेच खरं कारण आहे, तेच लिहा. त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर जोडा.

त्या पत्रात काय लिहायचं आणि काय नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. घडलं तेवढं लिहा: तारीख, वेळ, कोण होतं, कुत्रा कुठे होता, मुलगा कुठे उभा होता, काय झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, एक्स-रेत काय निघालं. 'आमचीच चूक झाली' हे लिहू नका. 'आमची काहीच चूक नाही' हेही लिहू नका. पहिलं वाक्य कंपनीच्या परवानगीशिवाय जबाबदारी कबूल केल्यासारखं होतं आणि जवळजवळ प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत त्याला मनाई आहे. दुसरं वाक्य उद्या पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या हाती लागलं, तर घटनेनंतर आठ दिवसांनी शांतपणे बसून खोटं लिहिल्यासारखं दिसतं.

तुम्ही दवाखान्याचं बिल भरलंत ते योग्यच केलंत. जखमी माणूस जिन्यात विव्हळत असताना कंपनीची संमती मागत बसायचं नसतं. पण ती रक्कम परत मिळेल हे गृहीत धरू नका. तुम्ही स्वखुशीने दिलेले पैसे आणि कायद्याने द्यावे लागणारे पैसे यात पॉलिसी फरक करते. मूळ पावत्या जपा, दावा करा, मिळाले तर मिळाले. यापुढे मात्र त्या मुलाला किंवा भावाला एक रुपयाही कंपनीला कळवल्याशिवाय देऊ नका. त्यांना तसं तोंडावर सांगायलाही हरकत नाही: 'विमा कंपनीला कळवलंय, त्यांचं उत्तर आल्याशिवाय आकडा बोलता येत नाही.' हे खरंही आहे आणि त्यामुळे बोलणं जरा थंडावतं.

एक विचारायचं राहून जातं. चावा नसला तरी कुत्र्याची नखं लागली होती का? लागली असतील तर त्या मुलाला डॉक्टरकडे पाठवून रेबीजच्या लशीबद्दल विचारायला सांगा. रक्त न आलेला किरकोळ ओरखडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस लागते. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी निर्णय डॉक्टरांचा, तुमचा नाही. त्याचं लसीकरणाचं कार्ड मात्र त्यांच्या हाती द्या.

आता पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं २८९ कलम आता २९१ झालं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला जबर दुखापत होण्याचा संभाव्य धोका असताना, पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंड हजाराचा होता. गुन्हा दखलपात्र आहे आणि जामीनपात्रही. म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवू शकतात, आणि जामीन हा तुमचा हक्क असतो. असल्या गुन्ह्यात सहसा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस आली तर जायचं, पळायचं नाही. जाताना वकील घेऊन जा.

तुमच्या प्रकरणात याच्या जोडीला १२५ कलमही लागू शकतं, म्हणजे बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणं. इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. दात लागून दोन टाके पडले तर ती साधी दुखापत ठरू शकते. मनगटाचं हाड मोडलं की कायद्याच्या व्याख्येने ती जबर दुखापत होते, कारण अस्थिभंग त्या यादीत स्पष्टपणे लिहिलेला आहे. निष्काळजीपणाने साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे 'चावला तर नाही ना' यात दिलासा शोधू नका.

या प्रकरणांत खरोखर तुरुंगवास होतो का? होतो, क्वचित. आणि फार उशिरा. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने गाडीतून बाहेर येऊन एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती २०२३ च्या जानेवारीत. वरळीतल्या एका इमारतीत २०१८ साली एक जण पाळीव हस्की लिफ्टमध्ये ओढून आणत होता. आत उभ्या असलेल्या माणसाने, मूल घाबरतंय, जरा थांबा, असं सांगितलं. तो थांबला नाही, कुत्रा त्या माणसाच्या हाताला चावला. निकाल २०२५ मध्ये लागला, शिक्षा चार महिने. २०२३ च्याच जानेवारीत हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये पार्सल द्यायला आलेला एक तरुण कुत्रा अंगावर आला म्हणून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि दगावला. तिथेही मालकावर गुन्हा दाखल झाला.

गिरगाव आणि वरळी ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. कुत्र्याची जात, वजन, दातांची लांबी यांपेक्षा वजन पडलं ते एका गोष्टीला: मालकाला आधी सांगितलं होतं, गिरगावच्या प्रकरणात गाडीचं दार उघडू नका म्हणून, वरळीत थांबा म्हणून, आणि तरी त्याने ऐकलं नाही. धोका माहीत होता का, हा प्रश्न या विषयात जिकडे जावं तिकडे आडवा येतो. फौजदारीत येतो, दिवाणीत येतो, विम्यात तर येतोच.

दिवाणी बाजू अशी. आपल्याकडे कुत्र्याच्या मालकाने द्यायच्या नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा नाही. इंग्रजांकडून आलेली तत्त्वं न्यायालयं लावतात. वाघ, अस्वल पाळलंत तर जे होईल ते तुमच्या माथी. कुत्रा मात्र माणसाळलेला प्राणी. त्याच्यासाठी एकतर त्या विशिष्ट कुत्र्याची खोड तुम्हाला माहीत होती हे दाखवावं लागतं, किंवा तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. खुद्द इंग्लंडने १९७१ साली वेगळा कायदा करून हे बदललं. जर्मनीत तर हौसेखातर पाळलेल्या कुत्र्याने इजा केली की चूक असो वा नसो, मालकाने भरायचं, म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत कुत्र्यासाठी जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही आणि मोजपट्टी अजून जुनीच आहे.

त्या जुन्या मोजपट्टीतला एक खटला मी नव्या मुलांना नेहमी सांगायचो. लंडनमध्ये एका जोडप्याने गाडीत कुत्रा बंद करून ठेवला. कुत्रा आत उड्या मारत होता. त्याच्या पंजाने मागची काच फुटली आणि एक कपची बाजूने चाललेल्या माणसाच्या डोळ्यात गेली, डोळा काढावा लागला. खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९३२ साली. निकाल मालकाच्या बाजूने लागला. कुत्रा गाडीत बंद ठेवणं ही त्या काळीही रोजची गोष्ट होती, आणि त्यातून असं काही होईल हे शहाण्या माणसाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं, असं न्यायाधीशांना वाटलं. डोळा गेलेल्या माणसाला काही मिळालं नाही.

आता तुमचं दार घ्या. बेल वाजली होती, म्हणजे बाहेर कुणीतरी उभं आहे हे माहीत होतं. लॅब्राडोर तीस किलोच्या आसपासचा, बेल वाजली की दाराकडे धावणारा. दारासमोर जिना. कुत्रा ना पट्ट्यात, ना आतल्या खोलीत. काचेच्या कपचीसारखं हे कल्पनेपलीकडचं नाही. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी 'निष्काळजीपणा दिसतो, तडजोड करावी' असाच शेरा मारला असता. दारावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असेल तर तिच्यावरही भिस्त ठेवू नका. पार्सलवाला तुम्ही बोलावल्यामुळे आलेला असतो, तो पाटी वाचून परत जाणार नाही. उलट तीच पाटी दाखवून समोरचा वकील विचारतो, 'सावध कशापासून राहायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं तर?'

म्हणून भावाची मागणी धमकी म्हणून बाजूला सारू नका आणि खंडणीची उलट तक्रार तर मुळीच करू नका. मागणीत तथ्य आहे, आकडा तेवढा तपासायचा आहे. मुलाला सांगा, मागच्या तीन महिन्यांचे कंपनीचे आठवड्याचे पेआउट दाखव. अॅपमध्ये ते असतात. समजा सरासरी आठवड्याला साडेपाच हजार जमा होतात. त्यातून पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा करायचा, कारण बुडाली ती निव्वळ कमाई. तो हजार-बाराशे धरला तर सव्वाचार-साडेचार हजार उरतात. प्लास्टर साधारण सहा आठवडे, मग हाताला जोर येईपर्यंत आणखी दोन, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर आठ आठवड्यांचे चौतीस ते छत्तीस हजार. त्यावर फिजिओथेरपी, औषधं, येण्याजाण्याचे पैसे, आणि वेदनांपोटी काही रक्कम. ती वेदनांची रक्कम गणिताने निघत नाही, ती बोलण्यातून ठरते. ज्या कंपनीसाठी तो काम करतो तिचं अपघात संरक्षण आहे का हेही विचारा. असेल तर कागद मिळवायला त्याला मदत करा. ऐंशी हजार जास्त आहेत की कमी, हे या कागदांवरून तुम्हालाच कळेल. हाड वाकडं जुळलं, शस्त्रक्रिया करून प्लेट घालावी लागली, तर ऐंशी हजार कमीही ठरू शकतात. त्यामुळे प्लास्टर निघायच्या आत 'पूर्ण आणि अंतिम' असं काही लिहून घेण्याची घाई दोन्ही बाजूंनी करू नये.

तडजोडीचा कागद करायची वेळ आली तर काही गोष्टी नीट करा. पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यात, बँकेतून. भावाच्या हातात रोख नाही. मुलगा सज्ञान असेल तर सही त्याचीच हवी. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि मी अशी एक फाइल पाहिली आहे जिथे 'त्याला सही करता येत नव्हती' म्हणून मेहुण्याने सही ठोकली होती. वर्षभराने मुलाने, मी काही लिहून दिलंच नव्हतं, असं म्हटलं आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. डाव्या हाताचा अंगठा घ्या, मजकूर वाचून दाखवला असं लिहा, दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक त्याच्या बाजूचा. तो अठरा वर्षांखालचा निघाला तर घरच्या घरी कागद करून भागणार नाही, सरळ वकिलाकडे जा.

आणि 'पैसे मिळाले, पोलिसांत तक्रार करणार नाही' हे वाक्य त्या कागदात घालू नका. हौसेने बरेच जण घालतात. गुन्ह्याची तक्रार पैशांनी दाबण्याचा करार कायद्याने टिकत नाही आणि वाचणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल संशय निर्माण होतो तो वेगळाच. नुकसानभरपाई मिळाली, दिवाणी मागणी उरली नाही, एवढंच लिहा. एफआयआर आधीच झाला असेल तर २९१ कलम आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. त्याला वकिलाची फी आणि वेळ दोन्ही लागतं. एकट्या २९१ ची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत असते, १२५ च्या जबर दुखापतीला तीन वर्षांची. 'महिना झाला, आता काही होत नाही' असं सांगणारे शेजारी भेटतील, त्यांचं ऐकू नका.

पुन्हा विम्याकडे येतो, कारण खाचखळगे तिथे जास्त आहेत.

पॉलिसी फक्त कायदेशीर जबाबदारी उचलते. दंड भरत नाही, तुरुंग तर टळतच नाही. गुन्ह्याच्या दंडाचा विमा काढताच येत नाही. बचावाचा खर्च, म्हणजे दिवाणी दाव्यात वकिलाची फी, बऱ्याच पॉलिस्या देतात, पण वकील त्यांच्या संमतीने नेमलेला हवा आणि ती फी मुख्य रकमेतूनच वजा होते की वेगळी, हे वाचून घ्या. रकमेसमोर दोन आकडे असतील, एका घटनेपुरता आणि वर्षभराचा. आमच्या भाषेत एओए आणि एओवाय. वर डिडक्टिबल असतं, तेवढी रक्कम तुमच्या खिशातून.

कोण 'तिसरा' नाही, हे सगळ्यात आधी वाचा. घरातली माणसं तिसऱ्या पक्षात येत नाहीत. सासूबाईंना कुत्रा चावला तर हा भाग उपयोगाचा नाही. आणि तुमच्याकडे कामाला असणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. कुत्रा ज्यांच्या सगळ्यात जास्त वाटेत येतो त्या धुणंभांडी करणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी, गाडी चालवणारे काका, हे सगळे त्या एका ओळीने बाहेर पडतात. एका जर्मन शेफर्डने मोलकरणीच्या पोटरीचा लचका तोडला होता. मालकांकडे पाच लाखांचं संरक्षण होतं. आम्हाला दावा नाकारावा लागला, आणि त्या बाईंचे उपचार मालकांनी स्वतः केले. त्यांनी ते केले म्हणून बरं. तुमचा पार्सलवाला तुमचा नोकर नाही, त्यामुळे ही अट तुम्हाला आड येऊ नये. कुत्रा फिरवायला ठेवलेला मुलगा असेल, तर त्याच्या हातून सुटलेल्या कुत्र्याने केलेलं नुकसान धरलं जातं का, हे मात्र कंपनीला लेखी विचारून ठेवा.

लसीकरण, महापालिकेचा परवाना, पट्टा यांच्या अटी असतात. लसीकरणाची तारीख घटनेच्या दिवशी चालू हवी. आजच जाऊन बूस्टर देऊन आणलंत तर कुत्र्यासाठी चांगलं, दाव्यासाठी त्याचा उपयोग नाही. परवाना नसेल तर तो नसल्याचं लपवू नका, कंपनीने विचारलं तर खरं सांगा आणि लगेच अर्ज करा.

घराचा विमा आहे, त्यात होईल का, असंही लोक विचारतात. २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत इमारत आणि सामान धरलेलं आहे, दुसऱ्याला झालेली इजा नाही. काही कंपन्यांच्या जुन्या धाटणीच्या हाउसहोल्डर पॅकेजमध्ये पब्लिक लायबिलिटीचा वेगळा भाग असतो. तुमच्याकडे तसं पॅकेज असेल तर प्राण्यांचा अपवाद आहे का ते पाहा. नसेल तर तिथेही दावा कळवून ठेवा. आणि १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. नाव ऐकून कुणी त्याचा हवाला दिला तर सोडून द्या.

सगळ्यात नाजूक भाग नूतनीकरणाचा. प्रस्तावाच्या अर्जात एक प्रश्न असतो: कुत्र्याने पूर्वी कुणाला इजा केली आहे का, त्याच्याविरुद्ध तक्रार आली आहे का? गेल्या वर्षी तुम्ही 'नाही' लिहिलंत, ते खरं होतं. आता ते 'होय' आहे. चावला नाही म्हणून 'नाही' लिहायचा मोह होईल, एजंटही तेच सुचवेल, कारण 'होय' म्हटलं की हप्ता वाढतो किंवा तो भागच काढून टाकतात. पण 'नाही' लिहून पुढच्या वर्षी काही घडलं, तर माहिती लपवली म्हणून दावा जाईल. आणि त्याच वेळी दिवाणी न्यायालयात समोरची बाजू हीच रविवारची घटना काढून, मालकाला खोड माहीत होती, असं म्हणेल. एकाच घटनेने दोन्हीकडून मार बसेल, आणि तोही विम्याशिवाय.

सोसायटीच्या नोटिशीकडेही याच नजरेने पाहा. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरूच नका असंही सांगता येत नाही. त्या सूचना दाखवून तुम्ही भांडू शकता, बहुधा जिंकालही. पण ती नोटीस आता तुमच्या हातात आहे, तारखेसह. कुत्र्याबद्दल तक्रार आहे हे तुम्हाला कळवल्याचा तो लेखी पुरावा झाला. तिला उत्तर दिलं नाही किंवा 'आमचा कुत्रा गरीब आहे' एवढंच लिहिलं, तर पुढे कधीतरी ते उत्तर तुमच्यासमोर वाचून दाखवलं जाईल. म्हणून लिफ्टचा हक्क राखून ठेवा आणि त्याच पत्रात काय करणार ते लिहा. अशा धर्तीवर लिहा: 'रविवारच्या घटनेचं आम्हाला वाईट वाटतं. यापुढे दार उघडण्यापूर्वी कुत्रा आतल्या खोलीत असेल, सामायिक जागेत तो पट्ट्यात आणि प्रौढ व्यक्तीच्या हातात असेल, लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही पुढच्या फेरीची वाट पाहू. लिफ्ट पूर्णपणे बंद करण्याची सूचना मात्र आम्हाला मान्य नाही.' आणि मग ते खरोखर पाळा. दाराच्या आत लहान मुलांसाठी मिळतं तसं एक फाटक बसवा. त्याची पावती आणि फोटो फाइलला लावा.

जातीचं म्हणाल तर लॅब्राडोरला त्या वादाची झळ नाही. केंद्राने १२ मार्च २०२४ ला तेवीस जातींवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं. तरी विमा कंपन्या आपापल्या यादीनुसार काही जाती नाकारतात, तो त्यांचा व्यावसायिक निर्णय.

कंपनीने दावा नाकारला तर नकार लेखी घ्या आणि कुठल्या अटीखाली नाकारला तो क्रमांक त्यात हवा. 'आमच्या धोरणात बसत नाही' हे उत्तर नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग समाधान झालं नाही किंवा महिनाभर उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. 'चावलाच नाही' या एका मुद्द्यावर नकार आला, तर माझ्या मते तो तिथे टिकणार नाही.

आज संध्याकाळपर्यंत एवढं करा: शेड्यूलमधली ती ओळ वाचा, इंटिमेशनचा ईमेल पाठवा, सोसायटीकडून रविवारचं जिन्यातलं सीसीटीव्ही चित्रण मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं आणि आठ दिवस गेलेच आहेत. चित्रण तुमच्या विरोधात जाईल असं वाटलं तरी मागा. आणि त्या मुलाला फोन करा, भावाला नाही. हात कसा आहे ते विचारा. आकड्याबद्दल काही बोलू नका.